'ही सेड'च्या पुढे विल की वुड, आणि मस्टचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसच्या मेलमध्ये 'द मॅनेजर सेड दॅट ही विल अप्रूव्ह द बिल' असं लिहिलं, सहकाऱ्याने 'विल' खोडून 'वुड' केलं. शाळेतही वुडच शिकवलं होतं, पण इंग्रजी पेपरात रोज 'सेड' आणि पुढे 'विल' छापून येतं. मग बरोबर कोण? आणि मस्ट, शुड, कुड, मे यांनाही असंच बदलायचं का?

आधी छोटं उत्तर. 'सेड'च्या पुढे वुड कधीच चुकत नाही. विल काही ठरावीक परिस्थितीतच चालतं. विल, कॅन, मे आणि शॅल बदलतात. वुड, कुड, माइट, शुड, ऑट टू, हॅड बेटर, यूज्ड टू यांना हात लावायचा नाही. खरी डोकेदुखी एकट्या मस्टची आहे, कारण त्याचं काय करायचं हे बोलणाऱ्याच्या मनात कोणता अर्थ होता त्यावर ठरतं. तसं पाहिलं तर सगळ्याच मोडल्सचं, म्हणजे विल, कॅन, मस्ट यांसारख्या सहायक क्रियापदांचं, थोडंफार असंच असतं. गाइडमधला तक्ता पाठ करून निम्मं काम होतं, उरलेलं निम्मं अर्थ ओळखून करावं लागतं.

आता हे असं का, ते बघू.

रिपोर्टिंग व्हर्ब भूतकाळात असलं, म्हणजे सेड, टोल्ड, आस्क्ड, थॉट, न्यू, प्रॉमिस्ड असं काही असलं, की इंग्रजीत आतल्या वाक्याचं क्रियापद एक पायरी मागे जातं. मोडल्सच्या बाबतीत ही मागची पायरी म्हणजे जोडीतलं दुसरं रूप. विल-वुड, कॅन-कुड, मे-माइट, शॅल-शुड या मुळात वर्तमान आणि भूत अशाच जोड्या होत्या. आज वुड किंवा माइट ऐकून भूतकाळ आठवत नाही, नम्रपणा किंवा शंका आठवते. पण अप्रत्यक्ष कथनात, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात सांगताना, त्यांचं ते जुनं काम अजून चालू आहे.

यावरून पुढचा नियम आपोआप कळतो. जे रूप आधीच मागच्या पायरीवर आहे त्याला आणखी मागे जायला जागा नसते. 'आय वुड लाइक सम टी' याचं 'ही सेड ही वुड लाइक सम टी' होतं, दुसरं काही होत नाही. उत्साहाच्या भरात कुणी 'वुड हॅव लाइक्ड' केलं तर अर्थच पालटतो: चहा आवडला असता, पण मिळाला नाही. सिंपल पास्टचं पास्ट परफेक्ट करायची सवय हाताला लागली की मोडल्सवरही ती चालवली जाते. वुडचं 'वुड हॅव' करणं हा त्यातला सर्वांत जास्त दिसणारा प्रकार.

मस्ट या जोड्यांत बसत नाही, त्यालाही कारण आहे. मस्ट हे स्वतःच मुळात भूतकाळी रूप होतं. जुन्या इंग्रजीतलं त्याचं वर्तमानकाळी रूप वापरातून गेलं आणि हे मागचं रूपच वर्तमानासाठी वापरात राहिलं. त्यामुळे मस्टला आज स्वतःचं भूतरूप नाही; लागेल तेव्हा ते 'हॅव टू'कडून उसनं घेतं. ऑटचीही गोष्ट तशीच. 'ओ' म्हणजे देणं लागणं, या क्रियापदाचं ते जुनं भूतरूप. म्हणून ऑट टू बदलत नाही.

मराठी माणूस नेमका इथे का अडखळतो? मराठीत 'की'च्या पुढे बोलणाऱ्याचा काळ जसाच्या तसा राहतो, आणि त्याचा 'मी'ही तसाच ठेवायची मुभा आहे. 'तो म्हणाला की उद्या येईन' हेही चालतं आणि 'तो म्हणाला की उद्या येईल' हेही चालतं. पहिलं वाक्य शब्दशः इंग्रजीत नेलं की 'ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो' असं होतं. यात दोन गडबडी आहेत, आणि विल ही त्यातली किरकोळ आहे. मोठी गडबड 'आय'ची. वाचणाऱ्याला वाटतं, येणार तुम्ही आहात. तेव्हा क्रम असा ठेवा: आधी 'कोण' ते ठीक करा, मग मोडल, मग टुमॉरो-टुडेसारखे काळाचे शब्द. बरेच जण मोडलवर घाम गाळतात आणि सर्वनाम विसरतात.

विल कधी ठेवता येतं

रिपोर्टिंग व्हर्ब 'सेज' किंवा 'हॅज सेड' असेल तर काहीच बदलायचं नाही. 'ही सेज ही विल कम', 'शी हॅज सेड शी विल कम'. हा भाग सोपा आहे. 'हॅड सेड' असेल तर मात्र वुड.

'सेड' असताना विल ठेवायचं, तर ज्या गोष्टीबद्दल बोललं गेलं ती तुम्ही लिहिता त्या क्षणीही भविष्यातच असायला हवी. मॅनेजर सोमवारी म्हणाला, 'आय विल साइन द चेक ऑन फ्रायडे.' तुम्ही मंगळवारी लिहिताय, शुक्रवार अजून यायचाय. 'ही सेड ही विल साइन इट ऑन फ्रायडे' बरोबर, 'वुड साइन' हेही बरोबर. तीच गोष्ट तुम्ही पुढच्या सोमवारी लिहिलीत तर फक्त वुड. तो शुक्रवार मागे पडला. पेपरातल्या विलचा खुलासा हाच आहे. मंत्री काल म्हणाले की पूल डिसेंबरमध्ये खुला होईल. डिसेंबर अजून लांब आहे, म्हणून वार्ताहर विल ठेवतो.

दोन्ही बरोबर असले तरी दोन्हींचा रंग एक नाही. विल ठेवलं की बातमी तुम्हीही मान्य करताय असा सूर निघतो. वुड केलं की ते त्याचं बोलणं, त्याच्याच माथी. 'द कॉन्ट्रॅक्टर सेड ही वुड फिनिश बाय मार्च' यात तो मार्चपर्यंत संपवेल की नाही याची हमी तुम्ही घेत नाही. मीटिंगच्या इतिवृत्तात सगळीकडे वुड ठेवावं, हे माझं ठाम मत. इतिवृत्त सहा महिन्यांनी वाचलं जातं, तोवर त्यातल्या सगळ्या तारखा उलटून गेलेल्या असतात.

एक सावधगिरी. 'ही सेड ही वुड पे' या वाक्यातून पैसे दिले की नाही हे कळत नाही. आश्वासन दिलं एवढंच कळतं. पुढे काय झालं ते सांगायचं असेल तर वेगळं सांगा: 'बट ही डिडन्ट', 'अँड ही डिड'. वसुलीच्या पत्रव्यवहारात हे वाक्य राहून गेलं तर नंतर वाद होतो.

उलट बाजूची चूक आपल्याकडे जास्त आहे: रिपोर्टिंग व्हर्बचा पत्ता नसताना वुड. 'द ॲन्युअल जनरल मीटिंग वुड बी हेल्ड ऑन संडे' असं सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, कॉलेजच्या सूचनेत, सरकारी पत्रात सर्रास दिसतं. इथे कोणी काही सांगितलेलं नाही, नोटीसच सांगते आहे. म्हणून 'विल बी हेल्ड'. वुड लिहिल्यावर भारताबाहेरच्या इंग्रजी वाचकाला वाटतं की पुढे एखादी अट येणार: भरली असती, पण... 'आय होप यू वुड कम' हेही त्याच जातीचं. होप वर्तमानात आहे, म्हणून 'आय होप यू विल कम'. 'आय होप्ड यू वुड कम' बरोबर आहे, पण त्यात 'आला नाहीत' ही नाराजी ऐकू येते. निमंत्रणात ते घालू नका.

'वोन्ट' हे नेहमी भविष्य नसतं, तेही लक्षात असू द्या. 'द स्कूटर वोन्ट स्टार्ट' म्हणजे स्कूटर चालू होत नाहीये, ऐकतच नाहीये. 'शी सेड द स्कूटर वुडन्ट स्टार्ट'. इथे 'वॉज नॉट स्टार्टिंग' केलं तर चूक नाही, पण तो अडून बसल्याचा भाव जातो.

कॅन, कुड आणि पोलिसांनी पकडलेला चोर

कॅनचं कुड होतं. 'आय कॅन ड्राइव्ह' याचं 'ही सेड ही कुड ड्राइव्ह'. अडचण अशी की 'आय कुड ड्राइव्ह व्हेन आय वॉज 18' याचंही कुडच राहतं. नुसतं 'ही सेड ही कुड ड्राइव्ह' वाचून आज येतं की तेव्हा येत होतं हे सांगता येत नाही. संदर्भातून कळत नसेल तर जुन्या क्षमतेसाठी 'हॅड बीन एबल टू' वापरा, किंवा वेळ दाखवणारा शब्द जवळ ठेवा. भविष्यातलं जमणं असेल, 'उद्या भेटता येईल' असं, तर 'कुड मीट' चालतं आणि 'वुड बी एबल टू मीट' जास्त स्पष्ट होतं.

खरा खड्डा पुढे आहे. 'पोलिसांनी सांगितलं की चोराला पकडता आलं.' याचं 'द पोलीस सेड दे कुड कॅच द थीफ' केलं तर इंग्रजी वाचकाला अर्थ लागतो: पोलीस म्हणाले, आम्ही पकडू शकतो. चोर अजून मोकळाच. एकदाच घडलेल्या आणि साधलेल्या गोष्टीला होकारार्थी कुड चालत नाही. 'हॅड बीन एबल टू कॅच', 'हॅड मॅनेज्ड टू कॅच', किंवा सरळ 'हॅड कॉट' म्हणा. नकारात ही अडचण नाही: 'दे सेड दे कुडन्ट कॅच हिम' हे झालेल्या गोष्टीलाही चालतं.

मे: परवानगी की शक्यता

शक्यतेच्या मेचं माइट होतं. 'इट मे रेन' याचं 'शी सेड इट माइट रेन'. परवानगीच्या मेचं बोलीत कुड होतं: 'यू मे गो' याचं 'शी सेड आय कुड गो'. 'माइट गो' व्याकरणात बसतं, पण आज पुस्तकी वाटतं, शिवाय शक्यतेचा अर्थ मध्ये येऊन घोळ होतो. परीक्षेत माइट लिहिलंत तरी हरकत नाही.

नकारात मात्र जपून. 'ही मे नॉट कम' म्हणजे कदाचित येणार नाही. त्याचं 'ही माइट नॉट कम'. काही जण मे-माइट-कुड सगळे एकाच डब्यात टाकून 'ही कुड नॉट कम' करतात, आणि अर्थ होतो 'तो येऊच शकत नाही' किंवा 'त्याला येता आलं नाही'. शंकेचं वाक्य पक्क्या नकाराचं झालं. 'यू मे नॉट पार्क हिअर' मधला मे नॉट मात्र मनाईचा आहे. त्याचं 'कुड नॉट पार्क देअर' किंवा 'वेअर नॉट अलाउड टू पार्क देअर'.

'मे यू लिव्ह लाँग' याचं 'ही प्रेड दॅट शी माइट लिव्ह लाँग' हे परीक्षेच्या बाहेर कोणी लिहीत नाही. परीक्षेसाठी लक्षात ठेवा आणि पुढे चला.

मस्ट

इथे थांबून चार अर्थ वेगळे करायला हवेत, आणि सुदैवाने मराठी आपल्याला मदत करते. मस्टचं वाक्य मनात मराठीत म्हणून बघा. 'लागतं', 'लागेल', 'असणार' आणि 'नाही करायचं' यांपैकी कुठे बसतं?

'लागतं' किंवा 'लागतंय' म्हणजे आत्ताची सक्ती. 'आय मस्ट गो नाऊ', मला आता निघायलाच हवं. याचं 'ही सेड ही हॅड टू गो' हे सर्वांत नैसर्गिक. 'ही सेड ही मस्ट गो' हेही शुद्ध आहे, खोडू नका.

'लागेल' म्हणजे पुढची सक्ती. 'यू मस्ट सबमिट द फॉर्म बाय मंडे' याचं 'दे टोल्ड मी आय वुड हॅव टू सबमिट द फॉर्म बाय मंडे'. 'हॅड टू सबमिट' चूक नाही, पण 'वुड हॅव टू' ने मुदत पुढे होती हे नीट कळतं. मूळ वाक्यातच 'विल हॅव टू' असेल तर प्रश्नच नाही, तिथे 'वुड हॅव टू'.

कायमचा नियम असेल तर मस्ट तसाच राहू द्या. 'डॉक्टर म्हणाले, मधुमेह असलेल्यांनी पायांची रोज तपासणी केलीच पाहिजे.' हा नियम आजही लागू आहे. 'द डॉक्टर सेड डायबेटिक्स मस्ट चेक देअर फीट एव्हरी डे.'

'असणार' म्हणजे अंदाज. इथे मस्ट बदलायचा नाही, हे पक्कं. 'शी मस्ट लिव्ह नियरबाय', ती जवळच राहत असणार. 'ही सेड शी मस्ट लिव्ह नियरबाय'. तक्त्याप्रमाणे 'हॅड टू लिव्ह नियरबाय' केलं की तिला जवळ राहणं भाग होतं, असा अर्थ निघतो. 'हॅड टू बी' कधीकधी ठाम अंदाजासाठी बोललं जातं, पण ती वेगळी लकब आहे. लिहिताना मस्ट बी वर राहा. घडून गेलेल्या गोष्टीचा अंदाज, 'मस्ट हॅव लेफ्ट', गेला असणार, हाही तसाच राहतो.

'नाही करायचं' म्हणजे मनाई. 'यू मस्ट नॉट टच धिस वायर' याचं 'ही टोल्ड अस वी मस्ट नॉट टच द वायर', किंवा 'वी वेअर नॉट टू टच द वायर', किंवा सरळ 'ही टोल्ड अस नॉट टू टच द वायर'. इथे 'डिडन्ट हॅव टू टच' कधीही करू नका. त्याचा अर्थ 'हात लावायची गरज नव्हती'. विजेच्या तारेबद्दल हा फरक किरकोळ नाही. मस्टचं हॅड टू होतं, तर मस्ट नॉटचं 'डिडन्ट हॅव टू' होणार, असा तर्क डोक्यात सहज तयार होतो आणि तो साफ चुकीचा आहे.

'नीडन्ट'साठी मात्र तेच 'डिडन्ट हॅव टू' बरोबर. 'यू नीडन्ट वेट' याचं 'शी सेड आय डिडन्ट हॅव टू वेट'. नीडन्ट तसंच ठेवलं तरी चालतं.

शॅल थोडक्यात. 'आय शॅल बी लेट' मधला शॅल नुसतं भविष्य सांगतो, म्हणून 'ही सेड ही वुड बी लेट'. जोडीकडे बघून 'शुड बी लेट' केलं तर उशीर करणं हे कर्तव्य झालं. करारातल्या 'द टेनंट शॅल पे' मध्ये बंधन आहे. तिथे 'द अग्रीमेंट सेड दॅट द टेनंट वॉज टू पे' किंवा 'हॅड टू पे'. वुड पे लिहून ते बंधन पातळ होतं. प्रश्नातल्या शॅलचं पुढे येतंच.

प्रश्न, विनंत्या आणि 'इफ'चा गोंधळ

'ही आस्क्ड मी दॅट व्हेन विल यू कम.' या एका वाक्यात चार दुरुस्त्या आहेत. 'दॅट' हा मराठी 'की'मधून आला, तो काढा. आस्क्डनंतर प्रश्न आला की दॅट लागत नाही. 'यू' हा मीच, म्हणून 'आय'. विलचं वुड. आणि शब्दांचा क्रम प्रश्नाचा ठेवायचा नाही, साध्या वाक्याचा. झालं: 'ही आस्क्ड मी व्हेन आय वुड कम'. 'व्हेन वुड आय कम' हे बोलताना बऱ्याच जणांच्या तोंडून निघतं, लिहिताना टाळा.

हो-नाहीचा प्रश्न असेल तर इफ किंवा व्हेदर. 'विल यू कम?' याचं 'शी आस्क्ड इफ आय वुड कम'. इथे एक हुशार विद्यार्थी हमखास अडतो, कारण त्याला शिकवलेलं असतं की इफच्या भागात वुड येत नाही. तो नियम अटीच्या इफचा. 'इफ ही कम्स, आय विल गो' मधला इफ म्हणजे 'जर'. आस्क्डनंतरचा इफ म्हणजे 'का', येशील का. त्याच्यापुढे वुड चालतं आणि लागतंच. शंका आली तर इफच्या जागी व्हेदर घालून बघा; बसलं तर तो प्रश्नाचा इफ आहे, वुड बिनधास्त लिहा.

खरोखर अटीचं वाक्य सांगायचं असेल तर दोन्ही भाग मागे जातात. 'इफ आय गेट टाइम, आय विल हेल्प' याचं 'ही सेड दॅट इफ ही गॉट टाइम, ही वुड हेल्प'. गंमत म्हणजे 'इफ आय गॉट टाइम, आय वुड हेल्प' या जवळजवळ अशक्य सुरातल्या वाक्याचंही तेच होतं, कारण ते आधीच मागच्या पायरीवर आहे. त्यामुळे मदतीची खरी आशा होती की नव्हती हे पुसलं जातं. ती आशा महत्त्वाची असेल आणि वेळ अजून हातात असेल, तर मुद्दाम 'गेट्स' आणि 'विल' ठेवा.

विनंतीत मोडल टिकतोच असं नाही. 'कुड यू सेंड द फाइल?' हा फाइल पाठवता येते का, याचा तपास नाही. 'ही आस्क्ड मी टू सेंड द फाइल' हे सर्वांत चांगलं. 'आस्क्ड इफ आय कुड सेंड' हेही चालतं, फक्त थोडं मवाळ. 'कॅन आय हॅव सम वॉटर?' याचं 'ही आस्क्ड फॉर सम वॉटर', बस. 'शॅल आय कॉल हर?' याचं 'ही आस्क्ड इफ ही शुड कॉल हर'. आणि ती मदतीची तयारी असेल तर 'ही ऑफर्ड टू कॉल हर'. 'शॅल वी लीव्ह?' याचं 'ही सजेस्टेड लीव्हिंग'.

सजेस्ट, इन्सिस्ट, डिमांड, रेकमेंड ही मंडळी वेगळ्या घरची आहेत. यांच्यापुढे, काय करावं हे सांगायचं असेल तर, शुड येतं किंवा क्रियापदाचं साधं रूप: 'द कमिटी रेकमेंडेड दॅट ही शुड रिझाइन', 'रेकमेंडेड दॅट ही रिझाइन'. दुसऱ्या वाक्यात 'रिझाइन्स' नाही, ते टायपिंग चुकलेलं नसतं. इन्सिस्टमध्ये मोडल बदलला की आशयच बदलतो. 'शी इन्सिस्टेड दॅट ही वुड पे' म्हणजे तो पैसे देईलच, असं ती ठासून सांगत होती. 'शी इन्सिस्टेड दॅट ही शुड पे' म्हणजे त्यानेच पैसे द्यावेत, असा तिचा हट्ट होता. एकीकडे भरवसा, दुसरीकडे मागणी. आणि 'सजेस्टेड मी टू गो' नको. 'सजेस्टेड दॅट आय गो' किंवा 'सजेस्टेड दॅट आय शुड गो'.

एक पूर्ण निरोप

सुटी वाक्यं सुटतात, पण सलग निरोप आला की गडबड होते, म्हणून एक पूर्ण करून बघू. तुम्ही पुण्यात भाड्याने राहता, मालक दिल्लीत. प्लंबर तुम्हाला मराठीत सांगून गेला: 'आज जमणार नाही. पाइप मिळाला तर उद्या येईन. तोपर्यंत व्हॉल्व्ह बंद ठेवायला लागेल. गळती किचनच्या लाइनमध्येच असणार. नवीन नळ आणू का? तुम्ही आधी सांगायला हवं होतं.' मालकाला इंग्रजीत कळवायचंय.

मेल त्याच दिवशी जात असेल तर टुडे, टुमॉरो तसेच राहतात आणि विलही ठेवता येतं. चार दिवसांनी हिशेब देताना लिहीत असाल तर असं: 'द प्लंबर सेड ही कुडन्ट कम दॅट डे, बट वुड कम द नेक्स्ट डे इफ ही गॉट द पाइप.' 'जमणार नाही'चं 'कुडन्ट', 'माइट नॉट' नाही. त्याने शंका नाही, नकार दिला होता. 'मिळाला तर' हा अटीचा इफ, म्हणून त्यात वुड नाही, 'गॉट'.

'ही सेड वी वुड हॅव टू कीप द व्हॉल्व्ह क्लोज्ड अंटिल देन.' 'लागेल' ऐकलं की 'वुड हॅव टू'.

'ही थॉट द लीक मस्ट बी इन द किचन लाइन.' 'असणार' आहे, मस्टला हात नाही. 'सेड'ऐवजी 'थॉट' घेतल्याने हा त्याचा अंदाज होता हेही मालकाला कळतं. उद्या गळती बाथरूममध्ये निघाली तर तुमच्यावर काही येत नाही.

'ही आस्क्ड इफ ही शुड ब्रिंग अ न्यू टॅप.' 'आणू का' म्हणजे परवानगी मागणारा शॅल. इथे 'वुड ब्रिंग' केलं तर आणणार का, असा त्याने स्वतःलाच प्रश्न विचारल्यासारखं होईल.

शेवटचं: 'ही सेड वी शुड हॅव टोल्ड हिम अर्लियर.' 'शुड हॅव' बदलत नाही, त्याच्या पुढचं क्रियापद तिसऱ्या रूपात. इथे 'शुड हॅड टोल्ड' आणि 'शुड हॅव टू टेल' या दोन्ही चुका होतात. पहिलीत हॅवचं उगाच हॅड झालं. मोडलच्या पुढे हॅव हॅवच राहतो, वाक्य कितीही भूतकाळात असो. दुसरीत 'हॅव टू'मुळे 'सांगावं लागायला हवं' असं काहीतरी विचित्र होतं, आणि प्लंबरची तक्रार मालकापर्यंत पोहोचतच नाही.